वर्गात बसवलंत, आता टिकूही द्या

प्रति,
सन्माननीय सदस्य,
कॅलिफोर्निया असेंब्ली आणि सिनेट,
सॅक्रामेंटो

विषय : कम्युनिटी कॉलेजमधील वर्गनिश्चिती आणि आर्थिक मदत यांविषयीच्या कायद्यांची सांगड घालण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,



ऑक्टोबर 2017 मध्ये या राज्यात दोन कायदे झाले. एबी 705 या कायद्याने कम्युनिटी कॉलेजांना बजावलं, की आलेल्या विद्यार्थ्याला रेमेडियल, म्हणजे कच्चेपणा भरून काढण्याच्या, वर्गांच्या रांगेत अडकवू नका. चार वर्षांच्या पदवीला धरलं जाणारं इंग्लिश आणि गणित तो एका वर्षात पुरं करू शकेल, अशी जास्तीत जास्त शक्यता निर्माण करा. त्याच महिन्यात झालेल्या एबी 19 या कायद्याने पूर्ण वेळ शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची पहिल्या वर्षाची फी माफ करण्याची वाट मोकळी केली. दोन्ही कायदे योग्य होते आणि त्यांचं श्रेय तुमच्या सभागृहांना आहे. मात्र त्यांच्याही आधी, 2012 मध्ये, एसबी 1456 हा कायदा झाला होता. गरीब विद्यार्थ्याच्या फी-माफीला त्याने गुणांची अट जोडली. नंतरच्या कायद्यांनी एका हाताने दिलेलं ही अट दुसऱ्या हाताने काढून घेते. हे पत्र त्यासाठी आहे.

मी कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवते. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुलंही ओलोनी किंवा डी अँझासारख्या कॉलेजांत जातात, आणि त्यांच्या आईवडिलांना या कायद्यांची माहिती क्वचितच असते. दुसरं कारण महाराष्ट्रातल्या वाचकांचं. दहावीचं गणित आणि इंग्रजी या दोन विषयांपाशी किती घरांतलं शिक्षण संपलं, हे त्यांना वेगळं सांगायला नको. कॅलिफोर्नियाने या प्रश्नावर जे करून पाहिलं, ते त्यांनाही कळायला हवं.

आधी जुनी व्यवस्था काय होती ते सांगते. 1960 च्या मास्टर प्लॅनने या राज्याच्या उच्च शिक्षणाचे तीन थर केले. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरचे साडेबारा टक्के युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे, वरचा एक तृतीयांश भाग स्टेट युनिव्हर्सिटीकडे आणि कम्युनिटी कॉलेजं सगळ्यांसाठी. आज 73 जिल्ह्यांत अशी 116 कॉलेजं आहेत आणि त्यांत सुमारे वीस लाख लोक शिकतात. शाळा संपवून आलेली मुलं, मुलं शाळेत घालून पुन्हा शिकू पाहणाऱ्या आया, सैन्यातून परतलेले जवान, दुसऱ्या देशातून आलेली माणसं अशा सगळ्यांना तिथे प्रवेश मिळतो. प्रवेश नाकारायचा नाही, हा त्या योजनेचा गाभा.

प्रवेश मिळाला तरी पुढची वाट एका परीक्षेने अडवलेली असायची. आल्या आल्या विद्यार्थ्याला संगणकासमोर बसवून प्लेसमेंट टेस्ट घ्यायची. पुष्कळांना या परीक्षेचं महत्त्व ठाऊक नसायचं, तयारी तर नसायचीच. तासा-दोन तासांच्या त्या गुणांवर ठरायचं, की हा कॉलेजचं गणित शिकायला लायक आहे की नाही. नसेल तर इंटरमिजिएट अल्जिब्रा, त्याखाली एलिमेंटरी अल्जिब्रा, त्याखाली प्री-अल्जिब्रा आणि अगदी तळाला अंकगणित. यातला एकही वर्ग चार वर्षांच्या पदवीला धरला जायचा नाही. फी मात्र भरावी लागायची, आणि सत्रामागून सत्र जायचं.

पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया या संस्थेने 2016 मध्ये हिशोब मांडला, तेव्हा कम्युनिटी कॉलेजमध्ये येणाऱ्या शंभरपैकी ऐंशी विद्यार्थी इंग्लिशचा, गणिताचा किंवा दोन्हींचा किमान एक तरी रेमेडियल वर्ग घेत होते. शंभरातले ऐंशी कच्चे आहेत, असा निकाल देणाऱ्या मोजमापावरच शंका घ्यायला हवी होती. कोलंबिया विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरने ती 2012 मध्येच घेतली होती. त्यांच्या अभ्यासात दिसलं, की या परीक्षांमुळे गणितात सुमारे पाव आणि इंग्लिशमध्ये सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी अगदीच चुकीच्या वर्गात पडतात. चार वर्षं शाळेत मिळवलेले गुण हे त्या एका बैठकीपेक्षा विद्यार्थ्याबद्दल अधिक खरं सांगतात.

रांगेची खरी हानी साध्या गुणाकारात दिसते. समजा, शंभर मुलं कॉलेजच्या गणिताच्या तीन पायऱ्या खाली बसवली. शेवटचा वर्ग धरून प्रत्येक पायरीला सत्तर टक्के पास झाली, आणि पास झालेलं प्रत्येक मूल पुढच्या सत्रात न चुकता परत आलं असंही धरू. पहिल्या वर्गानंतर सत्तर उरतात, दुसऱ्यानंतर एकोणपन्नास, तिसऱ्यानंतर चौतीस आणि कॉलेजचं गणित पार होईतो चोवीस. हा हिशोब उदार आहे. प्रत्यक्षात पास झालेलीही सगळी परतत नाहीत. कुणाची पाळी बदलते, कुणाकडे आजारपण येतं, कुणाचं घरभाडं वाढतं. रांग जितकी लांब तितके गळतीचे प्रसंग जास्त. सगळ्यात लांब रांगेत उभे असायचे ते कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी, आणि घरात कॉलेजचं तोंड पाहणारी पहिली पिढी.

एबी 705 ने ही रांग मोडली. शाळेतले विषय, तिथले गुण आणि सरासरी पाहून वर्ग ठरवा, आणि विद्यार्थी वरच्या वर्गात यशस्वी होण्याची शक्यता फारच कमी असल्याशिवाय त्याला रेमेडियलमध्ये पाठवू नका, असा दंडक घातला. 2019 च्या शरद सत्रात पूर्ण अंमल सुरू झाला. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या पाहणीप्रमाणे त्या सत्रात प्रथमच इंग्लिश घेणाऱ्यांपैकी 96 टक्के आणि गणित घेणाऱ्यांपैकी 78 टक्के विद्यार्थी थेट पदवीला धरल्या जाणाऱ्या वर्गात बसले. 2015 मध्ये इंग्लिशमध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आत होतं आणि गणितात जेमतेम एक पंचमांश. पहिल्याच सत्रात तो वर्ग पास होणारे इंग्लिशमध्ये 61 टक्के झाले आणि गणितात 40 टक्के. म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या दुपटीहून अधिक. विद्यार्थी तेच होते, शाळाही त्याच होत्या. बदलला होता तो तुमचा कायदा.

आता जे पास झाले नाहीत त्यांच्याकडे वळू. रांग मोडण्याला विरोध करणारे त्यांच्याकडेच बोट दाखवतात, आणि तसं दाखवण्याचा त्यांना हक्क आहे. थेट वरच्या वर्गात बसलेल्यांपैकी पुष्कळ जण पहिल्या खेपेला नापास होतात. पूर्वीही ते गळतच होते. फरक इतकाच, की तेव्हा ते खालच्या पायऱ्यांवर गळायचे आणि आता वरच्या वर्गात नापास होताना दिसतात. नापास झालेला विद्यार्थी दुसऱ्यांदा बसला, त्याला मुख्य वर्गासोबत चालणाऱ्या जोडवर्गाची आणि शिकवणीची साथ मिळाली, तर तो पास होण्याची चांगली शक्यता असते. त्यासाठी तो पुढच्या सत्रात कॉलेजमध्ये असायला मात्र हवा. इथे मदतीचे कायदे आडवे येतात.

या कॉलेजांत 1984 पर्यंत फीच नव्हती. त्या वर्षी युनिटमागे 5 डॉलर लावले आणि सोबतच गरिबांसाठी फी-माफी आणली. 2012 च्या उन्हाळ्यापासून दर युनिटमागे 46 डॉलर आहे. फी-माफीला आता कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट म्हणतात. एसबी 1456 ने या माफीला अट जोडली, आणि 2016 च्या शरद सत्रापासून ती लागू झाली. लागोपाठ दोन सत्रं गुणांची सरासरी चारपैकी 2.0 च्या खाली राहिली, किंवा घेतलेल्या विषयांपैकी निम्मे पुरे झाले नाहीत, तर माफी जाते. अपिलाची सोय आहे आणि फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली, वाढलेल्या तरुणांना सूटही आहे. पण अपील कसं करायचं हे त्यालाच कळतं, ज्याला कुणीतरी बसून समजावतं.

या अटीचा हिशोब एका विद्यार्थिनीवर मांडून पाहा. ही विद्यार्थिनी माझ्या कल्पनेतली आहे, पण तिच्यासारख्या अनेक जणी प्रत्येक कॉलेजात सापडतील. दुकानात काम करून ती सत्राला दोनच विषय घेते, चार युनिटांचं गणित आणि चार युनिटांचा आणखी एक विषय. तुमच्या कायद्याप्रमाणे ती थेट कॉलेजच्या गणितात बसली, हे योग्यच झालं. गणितात एफ (0) मिळाला, दुसऱ्या विषयात बी (3). तिची सरासरी झाली 1.5. पुढच्या सत्रात तिने धीर धरून गणित पुन्हा घेतलं, ते थोडक्यात हुकून परत एफ आला आणि दुसऱ्या विषयात परत बी. सरासरी 1.5 च राहिली. बाकीचा प्रत्येक विषय चांगल्या गुणांनी पास करणारी ही मुलगी, एका विषयापायी, फी-माफी गमावण्याच्या कडेला उभी आहे. पेल ग्रँट या फेडरल मदतीलाही 2.0 ची सरासरी आणि साधारण 67 टक्के युनिटं पुरी होण्याची अट असते; ती पन्नास टक्क्यांवर आहे. सत्राला पाच विषय घेणाऱ्याला एक नापास विषय सहज झाकता येतो. दोन विषय घेणारीला तो झाकता येत नाही. म्हणजे ही अट सगळ्यात जोरात लागते ती कमावून शिकणाऱ्याला.

एबी 19 ची अट याहून वेगळी, पण परिणाम तोच. या कायद्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पैसे हवे असतील तर कॉलेजांनी पुराव्यावर आधारलेली वर्गनिश्चिती करावी, शाळांशी भागीदारी करावी आणि विद्यार्थ्यांकडून मदतीचे अर्ज भरून घ्यावेत, असं त्यात लिहिलं आहे. वर्ग आणि पैसा हे एकाच वचनाचे दोन भाग आहेत, हे तुम्ही तिथे कायद्यानेच मान्य केलं. 2019 मध्ये माफी दुसऱ्या वर्षापर्यंत वाढवली, हेही चांगलं केलं. पण ही माफी सत्राला किमान 12 युनिटं घेणाऱ्यालाच मिळू शकते. वर्गातला वेळ आणि घरचा अभ्यास धरून बारा युनिटं म्हणजे आठवड्याचे साधारण 36 तास. आठवड्याला पंचवीस-तीस तास नोकरी करणाऱ्याने ते कुठून आणायचे? या कॉलेजांतले बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. वचन ज्यांना द्यायचं, त्यांतलेच बहुतेक वचनाबाहेर राहतात.

मी ज्या मातीतून आले, तिथे या प्रश्नावर शंभर वर्षांपूर्वी विचार झाला आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. 1917 मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करण्याचा कायदा त्यांनी केला. खेड्यातल्या पोराला फी माफ करून भागत नाही, त्याला शहरात डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर ‘कमवा आणि शिका’ ही रीतच घालून दिली. हातांनी कष्ट करणारा मुलगा त्यांच्या दृष्टीने कमी विद्यार्थी नव्हता. कॅलिफोर्निया हे जगातल्या सर्वांत श्रीमंत प्रदेशांपैकी एक आहे. कमावून शिकणाऱ्याला इथल्या कायद्याने बाहेर ठेवावं, हे या राज्याला शोभत नाही.

यावर तुमच्या सभागृहांत जे आक्षेप घेतले जातात, त्यांना उत्तर देते.

पहिला आक्षेप दर्जाचा. रेमेडियल वर्ग काढले की कॉलेजचं गणित पातळ होईल, असं म्हटलं जातं. दर्जा राखायचा तो पेपर तपासताना, शेवटच्या परीक्षेत. दारात उभं राहून कोण आत येईल हे ठरवण्याने वर्गातला दर्जा वाढत नाही. माझ्या वर्गात पास होण्याची रेषा पूर्वी होती तिथेच आहे.

दुसरा आक्षेप कॅल्क्युलसचा, आणि तो गंभीर आहे. 2022 च्या एबी 1705 ने पुढचं पाऊल टाकलं आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या वाटेवरच्या विद्यार्थ्यांनाही 2025 पासून शक्यतो थेट कॅल्क्युलसमध्ये बसवायचं ठरलं. अनेक गणित-प्राध्यापकांनी याला जाहीर विरोध केला. ज्याने शाळेत त्रिकोणमिती पाहिलीच नाही, त्याला एकदम तिथे बसवू नये, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. अशांसाठी तयारीचा नेमका एक वर्ग असावा. मात्र तो निर्णय शाळेतल्या विषयांवरून व्हावा, आणि त्या एका वर्गाची पुन्हा चार वर्गांची रांग होऊ नये.

तिसरा आक्षेप करदात्यांच्या पैशाचा. अभ्यास न करणाऱ्याला फी-माफी का द्यायची? युनिटमागे 46 डॉलर धरले, तर चार युनिटांचा गणिताचा वर्ग पुन्हा घेणाऱ्याला 184 डॉलरची माफी लागते. तेवढ्यासाठी तो विद्यार्थी गळाला, तर त्याच्यावर आधी झालेला सगळा खर्च वाया जातो. पदवी किंवा प्रमाणपत्र मिळवून चांगल्या नोकरीला लागलेला माणूस आयुष्यभर राज्याला कर भरतो. मीही करदाती आहे, आणि माझे पैसे दुसऱ्या प्रयत्नावर खर्च झालेले मला हवे आहेत.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक, कॅल्क्युलसच्या तयारीचा तो एक वर्ग सोडला, तर वर्गनिश्चितीचा कायदा आहे तसाच ठेवा. प्लेसमेंट टेस्ट कुठल्याही नव्या नावाने परत येऊ देऊ नका. ज्यांच्याकडे इथल्या शाळेची गुणपत्रिका नाही, जसे दहा-वीस वर्षांनी परत शिकायला आलेले किंवा साताऱ्यात मराठी माध्यमात दहावी करून इथे आलेले, त्यांच्यासाठी समुपदेशक बसवा. इंग्लिश ही ज्यांची दुसरी भाषा आहे, त्यांना तुमच्या कायद्याने तीन वर्षांची मुदत दिली आहे. ती त्यांना खरोखर वापरू द्या.

दोन, पदवीला धरल्या जाणाऱ्या पहिल्या इंग्लिश आणि पहिल्या गणिताच्या वर्गात पहिल्या वर्षी आलेलं अपयश राज्याच्या फी-माफीसाठी मोजू नका. वर्ग कायद्याने ठरवला. तिथल्या पहिल्या ठेचेची शिक्षा एकट्या विद्यार्थ्याला नको. फेडरल नियम तुमच्या हातात नाहीत, एसबी 1456 ची अट आहे.

तीन, एबी 19 च्या माफीतली 12 युनिटांची अट काढा. सहा युनिटं घेणाऱ्याला सहा युनिटांची माफी मिळू द्या.

चार, जोडवर्ग आणि शिकवणी यांसाठी कायमची तरतूद करा. एबी 1705 च्या अंमलासाठी 2022 च्या अंदाजपत्रकात 6 कोटी 40 लाख डॉलर दिलेत, पण ते एकदाच. नापास होणारी मुलं दर सत्राला येतात. संध्याकाळी सातनंतर शिकवणी केंद्र उघडं राहील, जोडवर्गात पंचवीसच्या वर विद्यार्थी नसतील आणि शिकवणारा अर्धवेळ प्राध्यापक त्या वेळेचा पगार घेईल, एवढं तरी नियमित पैशातून व्हायला हवं.

पाच, घरभाडं, जेवण आणि प्रवास यांचा विचार मदतीच्या केंद्रस्थानी आणा. 2022 मध्ये कॅल ग्रँट या राज्याच्या आर्थिक मदतीच्या सुधारणेला तुम्ही मान्यता दिलीत, पण तिच्यापुढे ‘महसूल पुरेसा असेल तर’ असं लिहिलंत. ज्यांच्या घरात दर महिन्याला हीच अट असते, त्यांना सरकारकडूनही तीच ऐकावी लागू नये.

मराठी पालकांनाही दोन शब्द. मूल कम्युनिटी कॉलेजला जाणार म्हणून मान खाली घालू नका. तिथून दोन वर्षांनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाणाऱ्यांची वाट पक्की आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी मदतीचा अर्ज भरा. कॅल ग्रँटची मुदत साधारणपणे 2 मार्चला संपते, आणि कम्युनिटी कॉलेजमध्ये जाणाऱ्यांना 2 सप्टेंबरपर्यंत आणखी एक संधी असते. आपल्याला मिळणारच नाही असं गृहीत धरून अर्ज न भरणं हे सगळ्यात मोठं नुकसान. मुलाला खालच्या वर्गात बसायला कुणी सांगितलं, तर एबी 705 चं नाव घेऊन कारण विचारा. आणि आपल्या भागातल्या असेंब्ली सदस्याच्या कार्यालयात फोन करून या मागण्या सांगा.

सन्माननीय सदस्यहो, तुम्ही दोन्ही सभागृहांत मिळून 120 जण आहात. कुणाला कोणत्या वर्गात बसवायचं, याचा निर्णय तुम्ही धैर्याने घेतलात आणि आकड्यांनी तो बरोबर ठरवला. आता तितक्याच धैर्याने ठरवा, की त्या वर्गात पहिल्यांदा नापास झालेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या सत्राची फी माफ राहील. वर्गनिश्चिती आणि आर्थिक मदत यांना एकत्र बांधणारं एक विधेयक पुढच्या अधिवेशनात मांडा आणि मंजूर करा.

आपली,
कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवणारी एक नागरिक
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया